पन्नास वेळा नाणं, पंचवीस वेळा छापा: नववीच्या वर्गातलं एक प्रकरण

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलातला नववीचा वर्ग, मुलं ३२. शाळा, वर्ग आणि मुलांनी आणलेले आकडे इथे नमुन्यासाठी रचलेले आहेत. त्यामागचं गणित मात्र खरं आहे, आणि घडलेली चूक इतकी सर्रास होते की गणित शिकवणाऱ्या बहुतेकांना हा आपलाच वर्ग वाटेल.

मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली, पाचवीपासून पुस्तकं इंग्रजी. वर्गात समजावणं मराठीत, बाकावरची कुजबुज कोकणीत, वहीत इंग्रजी. एनसीईआरटीच्या पूर्वीच्या नववीच्या पुस्तकात संभाव्यतेचा एक स्वतंत्र धडा होता आणि तो सगळा प्रयोगांवर होता: नाणं उडवा, फासा टाका, नोंदी करा, गुणोत्तर काढा. सैद्धांतिक संभाव्यता दहावीत यायची. २०२२-२३च्या अभ्यासक्रम-कपातीत नववीचा तो धडा गेला. त्यामुळे दहावीत मुलांना आधी सूत्र भेटू लागलं, हातात नाणं येईनासं झालं. इथल्या शिक्षिकेने हे ओळखून नववीतच चार तास राखून ठेवले होते. हेतू चांगला होता, क्रम चुकला.

पहिल्या तासाला फळ्यावर सूत्र आलं: अनुकूल निष्पत्तींची संख्या भागिले एकूण निष्पत्तींची संख्या. नाण्याला दोन बाजू, म्हणून छाप्याची संभाव्यता १/२. तास संपताना गृहपाठ दिला: "घरी एक रुपयाचं नाणं ५० वेळा उडवा, छापा किती वेळा आला ते लिहा आणि आपलं उत्तर पडताळून पाहा."

दुसऱ्या दिवशी ३२ कागद आले. १४ जणांचा छापा नेमका २५ वेळा. २३ ते २७ या पट्ट्यात एकूण २९ कागद. सगळ्यांत कमी २२, सगळ्यांत जास्त २८. शिक्षिकेला वाटलं, प्रयोग झकास जमला.

कागद काय सांगत होते

प्रामाणिकपणे उडवलेलं नाणं इतकं शहाण्यासारखं वागत नाही. ५० वेळा उडवल्यावर नेमका २५ वेळा छापा येण्याची संभाव्यता सुमारे ०.११ आहे. म्हणजे ३२ मुलांत तीन-चार जणांना २५ यावेत, १४ जणांना नव्हे. २३ ते २७च्या पट्ट्यात साधारण निम्मा वर्ग बसावा, १६-१७ मुलं. २० किंवा त्याहून कमी, नाहीतर ३० किंवा त्याहून जास्त, असे सहा-सात कागद यायलाच हवेत. या गठ्ठ्यात असा एकही नव्हता. ५० फेकींत छाप्यांची संख्या २५च्या दोन्ही बाजूंना साधारण साडेतीनने इकडेतिकडे होते; हा तिचा हेलकावा, संख्याशास्त्रात याला प्रमाण विचलन म्हणतात. सातचा फरकसुद्धा विशेष नाही. वर्गात एखाद्याला १७ किंवा ३३ आले तरी आश्चर्य वाटू नये.

काही मुलांनी फेकींचा क्रमही लिहिला होता. त्यातल्या एका कागदाच्या पहिल्या ३० नोंदी (छ म्हणजे छापा, क म्हणजे काटा):

छ क छ छ क क छ क छ क क छ क छ छ क छ क क छ क छ छ क क छ क छ क छ

आणि ही खरोखर उडवलेल्या नाण्याची वाटावी अशी ओळ:

क क छ क छ छ छ छ छ छ क छ क क क क छ छ क छ क क छ छ छ क छ क क छ

पहिल्या ओळीत छापा १५, काटा १५. अगदी मापात. पण एकच बाजू सलग दोनपेक्षा जास्त वेळा कुठेही नाही. शिवाय शेजारच्या २९ जोड्यांपैकी २२ ठिकाणी बाजू बदलली आहे. खऱ्या नाण्यात हा बदल १४-१५ ठिकाणी व्हायला हवा. दुसऱ्या ओळीत छापा १६, बाजू बदलली १५ वेळा, आणि मध्येच सलग सहा छापे. माणूस मनाने छापा-काटा लिहायला बसला की त्याचा हात सलग चौथा छापा लिहायला धजत नाही. "हे खोटं वाटेल" या भीतीने तो बाजू बदलतो, आणि नेमका तिथेच पकडला जातो. ५० फेकींत एकच बाजू सलग चार किंवा जास्त वेळा येण्याची संभाव्यता सुमारे ९८ टक्के आहे, पाच किंवा जास्त वेळा ८२ टक्के, सहा किंवा जास्त वेळा ५४ टक्के.

थोडक्यात, बऱ्याच मुलांनी नाणं उडवलंच नव्हतं. काहींनी दहा-पंधरा वेळा उडवून पुढचं भरलं. काहींनी ५० वेळा उडवलं, २० छापे आले, आणि "आपलं चुकलं" असं समजून आकडा सुधारला. तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट आहे, कारण त्या मुलाने मेहनत केली आणि मग स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडलं.

दोष गृहपाठाचा

मुलांना लबाड ठरवण्यात अर्थ नाही. उत्तर आधी सांगितलं, मग "पडताळून पाहा" म्हटलं, आणि फक्त एक आकडा मागितला. शाळेत "पडताळा" हा शब्द मुलं समीकरणांत शिकतात: डावी बाजू बरोबर उजवी बाजू. पडताळ्यात फरक निघाला तर गणित चुकलं. तोच शब्द इथे आला, म्हणून मुलांनी डावी-उजवी बाजू जुळवून दिली.

शब्दांचा घोळ आणखी आहे, आणि गोव्यातल्या वर्गात तो तीन भाषांचा असतो. "चान्स" म्हणजे मुलांच्या लेखी पाळी: "आता माझा चान्स". "इव्हेंट" म्हणजे मंडप, लाउडस्पीकर, पार्किंग. "शक्यता आहे" असं मराठीत म्हटलं की ऐकणारा "बहुतेक होणार" असा अर्थ घेतो. त्यामुळे १/१० इतकी शक्यता हे शब्द मुलांच्या कानाला उलटेच लागतात. म्हणून शब्द पक्के करून घ्यावेत. एका वेळी जे घडतं ती निष्पत्ती. निष्पत्तींचा जो गट आपण पाहतो ती घटना. सगळ्या निष्पत्तींची यादी म्हणजे नमुना अवकाश. प्रयोगातून मिळालेलं गुणोत्तर ती प्रायोगिक संभाव्यता. आणि निष्पत्ती समसंभाव्य (सारख्याच शक्यतेच्या) आहेत असं धरून, न उडवता काढलेली ती सैद्धांतिक. या शेवटच्या वाक्यातलं "धरून" हे क्रियापद फळ्यावर अधोरेखित करावं. पुढचे तिन्ही तास त्याच्यावरच चालणार आहेत.

दुसरा तास: नाणं वर्गातच

३२ मुलांच्या १६ जोड्या. एकाने उडवायचं, दुसऱ्याने लिहायचं, २५नंतर अदलाबदल. तास ३५ मिनिटांचा. ५० फेकींना आठ-दहा मिनिटं पुरतात. बाकावर घडी केलेलं वर्तमानपत्र अंथरावं, नाहीतर १६ नाणी फरशीवर खणखणतात आणि शेजारच्या वर्गातून निरोप येतो. नाणं निदान वीतभर वर उडून फिरलं पाहिजे. बाकावर भोवऱ्यासारखं फिरवू नये: फिरवलेल्या नाण्याचा कल कडेच्या झिजेवर आणि वजनाच्या वाटणीवर अवलंबून असतो, तो वेगळाच प्रयोग आहे. बाकाखाली गेलेली फेक धरायची की सोडायची हे आधी ठरवावं. निकाल पाहून ठरवलं की मुलं नकळत आवडीचा निकाल ठेवतात.

कागदावर आकडा नको, क्रम हवा. दहा-दहाच्या पाच ओळींचा तक्ता आखून द्यावा. एवढ्याने गोळाबेरीज करण्याचा मोह अर्धा संपतो, कारण नुसता आकडा सुधारण्यापेक्षा अख्खा क्रम खोटा लिहिणं जिकिरीचं असतं.

सोळा जोड्यांचे छापे असे आले:

२२, २९, २५, १९, २७, २४, ३१, २६, २३, २८, २१, २५, ३०, २४, २६, १७

हे आकडे जसेच्या तसे फळ्यावर लिहून घेतले. शेवटच्या जोडीने १७ सांगताना आवाज खाली नेला, ते साहजिकच होतं. इथे शिक्षिकेने "बरोबर" किंवा "चूक" काहीही म्हणायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. नुसतं लिहायचं.

मग बेरीज चढत्या क्रमाने. दोन जोड्यांनंतर १०० फेकींत ५१ छापे, गुणोत्तर ०.५१. चार जोड्यांनंतर २००त ९५, म्हणजे ०.४७५. आठनंतर ४००त २०३, ०.५०८. बारानंतर ६००त ३००, ०.५००. सोळानंतर ८००त ३९७, म्हणजे ०.४९६.

याचा आलेख मुलांनी स्वतः काढावा. आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर = ५० फेकी, म्हणजे १६ सेंटिमीटर; उभ्या अक्षावर ०.३० ते ०.७०, १ सेंटिमीटर = ०.०४, म्हणजे १० सेंटिमीटर. उभा अक्ष ० ते १ घेतला तर सगळी रेघ सपाट दिसते आणि पाहण्याजोगं काही उरत नाही. ०.४० ते ०.६० घेतला तर १७वाल्या जोडीचा बिंदू कागदाबाहेर जातो. आणि तो बिंदू लागतो, कारण आलेख दुसऱ्यांदा काढायचा आहे, शेवटच्या जोडीपासून उलट. आता सुरुवात ०.३४वर होते, मग ०.४३, ०.४४७, ०.४८५. वाट निराळी, धक्के निराळे, ८००वर रेघ पुन्हा त्याच ०.४९६वर. दोन्ही रेघा एकाच कागदावर, दोन रंगांत. सूत्राच्या चार व्याख्यांपेक्षा हा एक कागद जास्त शिकवतो.

इथे मुलं हमखास एक चुकीचा निष्कर्ष काढतात, आणि पुष्कळ मार्गदर्शिकाही तोच छापतात: "फेकी वाढवल्या की छापा आणि काटा सारखे होतात." होत नाहीत. गुणोत्तर १/२कडे जातं. छाप्यांची संख्या आणि निम्म्या फेकी यांतला फरक मात्र सहसा वाढतो. ५० फेकींत तो साधारण साडेतीनच्या घरात असतो, २००त सातच्या, ८००त चौदाच्या. त्याच वेळी टक्केवारीतला फरक ७, मग ३.५, मग १.८ असा घटतो. या वर्गात ८००ला फरक फक्त तीनचा राहिला, तो योगायोग. म्हणून इथे बाहेरचा आकडा द्यावा. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत अडकलेले गणिती जॉन केरिच यांनी १०,००० वेळा नाणं उडवलं, छापा ५,०६७ वेळा आला. फरक ६७चा, गुणोत्तर ०.५०६७. अठराव्या शतकातले फ्रेंच अभ्यासक ब्युफों यांच्या ४,०४० फेकींत २,०४८ छापे, संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनच्या २४,००० फेकींत १२,०१२. मुलांना विचारावं: केरिचचा फरक ६७, तुमच्या १७वाल्या जोडीचा फरक ८. मग १/२च्या जवळ कोण?

कोणी तरतरीत मूल विचारेल, नाणं खरंच १/२ असतं का? अगदी नेमकं नसतं. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४८ जणांनी मिळून ३,५०,७५७ वेळा नाणं उडवून झेललं; उडवताना जी बाजू वर होती तीच पुन्हा वर येण्याचं प्रमाण ५०.८ टक्के निघालं. ८०० फेकींच्या वर्गात हा पाऊण टक्का दिसणार नाही, कारण वर्गाचा स्वतःचा हेलकावाच दीड-दोन टक्क्यांचा आहे.

"चार वेळा काटा, आता छापाच"

दुसऱ्या तासाला एका जोडीत हे वाक्य आलंच. त्यावर प्रवचन नको, फळ्यावर आणि कागदांवर पुरावा पडलेला आहे. सगळ्या १६ कागदांत जिथे जिथे एकच बाजू सलग चार वेळा आली ती ठिकाणं मुलांनी पेन्सिलीने गोल करावीत आणि पाचवी फेक पाहावी. ८०० फेकींत अशी सुमारे ९० ठिकाणं निघतात. या वर्गात ८८ निघाली; ४६ वेळा तीच बाजू पुढे चालू राहिली, ४२ वेळा मोडली. नाण्याला आठवण नाही, हे इथे ८८ वेळा दिसतं.

एक बारीक खबरदारी: सगळ्या कागदांची ठिकाणं एकत्र मोजावीत. प्रत्येक कागदाची टक्केवारी काढून मग त्यांची सरासरी केली तर "चालू राहिली"चा आकडा निम्म्यापेक्षा थोडा खाली येतो, नाणं कितीही निर्दोष असलं तरी. छोट्या ओळींतून अशी निवड केल्याचा तो परिणाम आहे. शिक्षकच गोंधळला तर मुलांचा चुकीचा समज पक्का होतो.

जुगाराचा विषय इथे आपसूक येतो. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी मुलांनी पुलावरून पाहिलेल्या असतात, जत्रेतला गडगडा तर जवळून. पालकांचा आक्षेपही येऊ शकतो की वर्गात फासे आणि पत्ते कशाला. पत्ते टाळावेत, ५२ पानांची रचना ठाऊक नसलेलं मूल उगाच मागे पडतं. रूलेटचं, म्हणजे फिरत्या चाकावरच्या जुगाराचं, एक गणित मात्र सांगण्यासारखं आहे: ० ते ३६ अशी ३७ घरं, त्यांत लाल १८. लाल येण्याची संभाव्यता १८/३७, आणि जिंकल्यावर मिळतं ते १/२च्या हिशेबाने. दर ३७ रुपयांत सरासरी एक रुपया बोटीवर राहतो. नशिबाचा तिथे काही संबंध नाही.

तिसरा तास: तिसऱ्यांचे शिंपले

नाण्यावरच थांबलं तर मुलांच्या मनात एक नियम घट्ट बसतो: दोन निष्पत्ती असल्या की १/२. तो उखडायला दोन बाजूंची पण बेढब वस्तू लागते. चिंचोक्याची अर्धी डाळ चालते, कवडी चालते. पेडण्यात सगळ्यांत सोपे तिसऱ्यांचे शिंपले (तिसऱ्या ही खाडीत मिळणारी, शिंपल्यातली मासळी). घरोघरी खाऊन टाकून दिलेले मिळतात. जे मासळी खात नाहीत त्यांच्यासाठी शिक्षिकेने दहा-बारा जास्तीचे आणावेत.

शिंपले आदल्या दिवशी गरम पाण्यात साबणाने धुऊन उन्हात वाळवलेले हवेत, नाहीतर तास वासावरच जातो. कड फुटलेले बाजूला काढावेत. आठ गट, प्रत्येकी चार मुलं, प्रत्येक गटाला एकच शिंपला, त्यावर मार्करने गटाचा क्रमांक. पाच शिंपले एकदम टाकून वेळ वाचवण्याची कल्पना मोहक वाटते, पण वाटीत वाटी अडकते, एक शिंपला दुसऱ्याला उलटवतो, आणि पाच वेगळ्या आकारांचे आकडे एकात मिसळतात. शिंपला स्टीलच्या पेल्यात खुळखुळवून साधारण ३० सेंटिमीटरवरून पुठ्ठ्यावर टाकावा. उताणा पडला की उ, पालथा पडला की पा. प्रत्येक गटाने ६० वेळा.

टाकण्याआधी प्रत्येक गटाने अंदाज लिहून द्यायचा. आठपैकी सहा गटांनी १/२ लिहिलं. कारणाच्या रकान्यात एकच वाक्य: दोनच बाजू आहेत.

उताणा पडण्याचे आकडे: ३८, ४१, ३५, ४३, ३६, ४०, २२, ३९.

सातव्या गटाचा २२ वेगळा आहे. १७ छाप्यांचा आकडा शिक्षिकेने न बोलता लिहिला होता, मग हा का तपासायचा? ६०त ३९च्या आसपास येणाऱ्या वस्तूचा साधारण हेलकावा पावणेचारचा असतो. २२ हा १७ने दूर आहे, म्हणजे चार हेलकाव्यांहून जास्त. ५० फेकींतले १७ छापे जेमतेम सव्वादोन हेलकावे दूर होते. आकडा नावडता आहे म्हणून तपासायचा नसतो, फार दूर आहे म्हणून तपासायचा. तपासल्यावर निघालं की त्या गटाचा पेला वर्गात फिरत फिरत दुसरीकडे गेला होता. त्यांनी शिंपला बोटांत पालथा धरून जेमतेम चार बोटं वरून सोडला. तो फिरायला वेळच मिळाला नाही, जसा धरला तसा बऱ्याचदा पडला. पेल्यातून, उंचीवरून पुन्हा ६० वेळा टाकल्यावर ३७ आले. जुने २२ खोडायचे नाहीत. शेजारी कारणासह ठेवायचे. कसं टाकलं हा प्रयोगाचाच भाग आहे, हे याहून स्वस्तात शिकवता येत नाही.

उरलेल्या सात गटांचे मिळून ४२० फेकींत २७२, म्हणजे ०.६५ च्या जवळ. हा आकडा तिसऱ्यांचा जागतिक स्थिरांक नाही. दुसऱ्या खाडीचा, दुसऱ्या मापाचा शिंपला, गुळगुळीत फरशी किंवा गोधडी, यांनी तो बदलेल.

आता प्रश्न: शिंपल्याची सैद्धांतिक संभाव्यता किती? सूत्रात घालायला काही नाही. दोन निष्पत्ती आहेत, पण त्या समसंभाव्य नाहीत, म्हणून "अनुकूल भागिले एकूण" इथे चालत नाही. शिंपल्याबद्दल जे काही कळेल ते टाकून पाहूनच. नाण्याला १/२ म्हणण्याचा अधिकार त्याच्या दोन बाजूंच्या सारखेपणाने दिला. तो सारखेपणा आपण धरला होता, आणि ८०० फेकींनी त्या धरण्याला हरकत घेतली नाही.

यानंतर प्रत्येक गटाने आपल्या पहिल्या ६०वरून पुढच्या ६०चा अंदाज करावा. आधी ३९ आले आणि नंतर ३३, तर मुलं म्हणतात शिंपला बिघडला. दोन्ही वेळा हेलकावा आहे, त्यामुळे दहापर्यंतचा फरक सहज पडतो. "साधारण ३० ते ४८च्या मध्ये" हे उत्तर "३९"पेक्षा जास्त गुणांचं मानावं.

चौथा तास: दोन नाणी

दोन नाणी एकदम उडवली तर दोन छापे, एक छापा, शून्य छापे अशा तीन गोष्टी होऊ शकतात. प्रत्येकीची संभाव्यता किती? वर्गातून उत्तर आलं १/३. ही चूक हुशार मुलांची आहे. दालांबेरसारख्या मोठ्या फ्रेंच गणितीनेही १७५४ साली, दोन फेकींत निदान एक छापा मिळण्याच्या प्रश्नात, ३/४च्या जागी २/३ हे उत्तर मांडलं होतं. निष्पत्ती मोजायच्या कशा, तिथेच पाय घसरतो.

हे सोडवायला झाडाची आकृती (प्रत्येक नाण्याला छापा-काटा अशा दोन फांद्या) काढण्याआधी नाणी उडवावीत. दोन नाणी वेगळी दिसणारी हवीत: एक रुपयाचं पांढरं आणि पाचचं पिवळसर. सारखीच दोन नाणी घेतली तर "छापा-काटा" आणि "काटा-छापा" डोळ्यांना एकच दिसतं आणि चूक झाकली जाते. १६ जोड्या, प्रत्येकी ३० वेळा, एकूण ४८०. नोंद चार रकान्यांत.

निकाल: दोन छापे ११३, एक छापा २५१, शून्य छापे ११६. तिसऱ्या हिश्शाच्या मताप्रमाणे प्रत्येकी १६० यायला हवेत. चौथ्या हिश्शाच्या मताप्रमाणे १२०, २४०, १२०. २४०पासून ११चा फरक नेहमीच्या हेलकाव्यातला आहे, तो ११च्याच घरात असतो. १६०पासून ९१चा फरक कुठल्याही योगायोगात बसत नाही. इथे प्रयोगाने एका सिद्धांताला घरी पाठवलं. मग रुपया आणि पाच रुपयांचे रकाने पाहिले की मधल्या २५१चे दोन तुकडे दिसतात, आणि झाडाची आकृती मुलं स्वतःच काढतात.

या तासाला कोणी मोबाइल किंवा स्प्रेडशीट काढून दहा हजार फेकी दाखवू पाहतात. रेघ कशी स्थिरावते हे दाखवायला ते उत्तम. पण यंत्राला १/२ आपणच सांगितलेलं असतं. ते रुपयाबद्दल किंवा शिंपल्याबद्दल काहीही सांगत नाही. शिंपल्यासाठी तर आधी ०.६५ हा आकडा टाकावा लागतो, आणि तो आला पुठ्ठ्यावरून.

तपासणी

लेखी चाचणीत "नाणं उडवल्यास छाप्याची संभाव्यता काढा" हा प्रश्न ठेवू नये, त्याने काहीच कळत नाही. ठेवण्यासारखा प्रश्न: फासा ६० वेळा टाकला, ६ हा आकडा १४ वेळा आला. फासा खोटा आहे का? अपेक्षित १०, हेलकावा तीनच्या घरात. १४वरून तसं म्हणता येत नाही, आणखी टाकून पाहावं लागेल. "हो" लिहिणाऱ्याला आणि कारण न देता "नाही" लिहिणाऱ्याला सारखेच गुण.

खऱ्या-खोट्या ओळी ओळखण्याचा खेळही घेता येतो: अर्ध्या वर्गाने खरं उडवायचं, अर्ध्याने मनाने लिहायचं, शिक्षिकेने बाहेरून येऊन सलग सर्वांत लांब रांग पाहून ओळखायचं. मजा येते. पण खऱ्या कागदांपैकी १८ टक्क्यांत पाचची रांग नसते. १६ खऱ्या कागदांत सरासरी तीन निरपराध "खोटे" ठरतील. म्हणून ही कसोटी खेळापुरतीच. गृहपाठ चोरला असा आरोप तिच्यावर कधीही करू नये.

शेवटी पहिलाच गृहपाठ पुन्हा दिला. नाणं तेच, फेकी ५०, पण आता दहा-दहाच्या पाच ओळी, क्रमासह. "पडताळा" हा शब्द नाही. आणि खाली एक रकाना: प्रयोगात काय अडचण आली? छापे १८पासून ३३पर्यंत आले, नेमके २५ चार कागदांवर. एका कागदावर पाचवी ओळ अपुरी होती, सातच नोंदी. अडचणीच्या रकान्यात लिहिलं होतं: "लाईट गेली, नाणं दिसेना. टीचर, ४७च झाले." गुणोत्तर त्याने २२/४७ असंच काढलं होतं.